पेटीशी बसून चार हॉर्नसाठी लिहिताना

विदर्भातल्या खेड्यात फ्रेंच हॉर्न बघायलाही मिळत नाही. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मोठा युफोनियम असतो, पण ऑर्केस्ट्रातला गोल गुंडाळलेला हॉर्न नसतो. तरी भजनी मंडळाची पेटी, कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर आणि ओळखीचा एक बँडवाला एवढ्यावर हॉर्नसाठी चोख लिहिता येतं. ही ओळ माणूस फुंकून वाजवणार आहे, हे मात्र शेवटच्या मात्रेपर्यंत विसरायचं नाही.

आधी सुराचा घोळ मिटवून टाका. ऑर्केस्ट्रातला हॉर्न पांढरी चारचा, म्हणजे एफचा. कागदावर जे लिहाल त्यापेक्षा (दोन्ही टोकं मोजून) पाच स्वर खाली ऐकू येतं. पांढरी एकला सा धरा. मध्य सा लिहिलात तर कानावर मंद्र सप्तकातला शुद्ध म येईल. मध्य सा ऐकू यायला हवा असेल तर मध्य प लिहावा लागेल. म्यूझस्कोअर हे अंतर स्वतःच सांभाळतं, आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक घडते. लिहिणारा हाताने पंचम चढवून लिहितो, त्यात ‘कॉन्सर्ट पिच’चं (स्वर ऐकू येतात तसे दाखवणारं) बटण चालू राहतं, मग वादकाच्या पानावर तोच स्वर पुन्हा पंचमाने चढतो. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र पान) लिहिताना बटण चालू ठेवा, स्वर कानाला येतात तसेच भरा, आणि पार्ट (एकेका वादकाचं वेगळं पान) काढण्याआधी बटण बंद करून पहिले चार स्वर पेटीवर ताडून बघा.

(खालच्या सुरांना बास क्लेफ, म्हणजे खर्जाच्या स्वरांसाठीचं पट्टीचिन्ह, वापरलात तर स्कोअरच्या पहिल्या पानावर ‘नवी पद्धत’ असं लिहा. जुन्या पद्धतीत बास क्लेफमधला हॉर्न लिहिल्यापेक्षा चार स्वर वर वाजायचा, त्यामुळे वादक तालमीत हमखास विचारतात.)

आता मर्यादा. इथून पुढचे स्वर ऐकू येतात ते, सा पांढरी एकचा. मंद्र सा ते तार सा ही दोन सप्तकं हॉर्नच्या हक्काची. मंद्र प ते मध्य ध या पट्ट्यात आवाज सगळ्यात भरदार आणि गोड लागतो. तार म ही कमाल. तिथे क्वचितच जा, आणि गेलात तर मोठ्या आवाजात. मंद्र साच्या खाली फक्त लांब, संथ सूर द्या, तेही दुसऱ्या आणि चौथ्या हॉर्नला.

वर जाणं अवघड का, हे कळलं की लिखाण आपोआप सुधारतं. एफच्या हॉर्नची नळी साधारण १२ फूट लांब असते. एवढ्या लांब नळीत वरचे नैसर्गिक सूर एकमेकांना खेटून येतात, बोटं तीच ठेवून शेजारचाच सूर लागू शकतो. कोणता लागणार हे ओठ आणि कान ठरवतात. वाजवण्याआधी सूर वादकाच्या मनात वाजला पाहिजे. म्हणून शांततेतून एकदम तार रे हळू आवाजात मागू नका. त्याआधी एखाद्या मात्रेला व्हायोलिन किंवा ओबोने तोच सूर धरू द्या, किंवा हॉर्नला खालून पायरीपायरीने वर न्या.

भजनाची चाल घेऊन लिहीत असाल तर गायकाची काळी एक तशीच उचलू नका. हॉर्नच्या पानावर चार कोमल चिन्हांची गर्दी होते आणि व्हायोलिनलाही ती पट्टी अडचणीची. अर्धा स्वर चढवून पांढरी दोन केलीत की तंतुवाद्यं खुलतात, हॉर्नलाही निभतं. पांढरी चार आणि काळी पाच तर हॉर्नला घरच्यासारख्या.

चार हॉर्नमध्ये पहिला आणि तिसरा वरचे, दुसरा आणि चौथा खालचे. व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या झडपा) येण्याआधी हॉर्न जोड्यांनी वापरत, प्रत्येक जोडीत एक वरचा एक खालचा, तीच वाटणी आजही टिकली आहे. त्यामुळे सुरांचा गठ्ठा वरून खाली १, ३, २, ४ असा रचायचा. एक उदाहरण: पहिल्याला मध्य ग, तिसऱ्याला मध्य सा, दुसऱ्याला मंद्र प, चौथ्याला मंद्र सा. पानावर हेच अनुक्रमे मध्य नी, मध्य प, मध्य रे आणि मंद्र प असं दिसेल. वर अंतर कमी, खाली जास्त, हे बघा. मंद्र पच्या खाली दोन सूर जवळजवळ ठेवले की नुसता गढूळ घूं ऐकू येतो. तिथे पंचम किंवा सप्तकाचंच अंतर ठेवा. १, २, ३, ४ अशी सरळ उतरंड लावलीत तर दुसऱ्याला उंच आणि तिसऱ्याला खोल जावं लागतं, दोघांचेही ओठ थकतात.

श्वासाचा हिशेब पेन्सिलने प्रत्येक ओळीखाली मांडा. मध्यम आवाजात आठ-दहा सेकंद धरा. मिनिटाला ६० मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन म्हणजे आठ सेकंद, तेवढ्यात वाक्य संपवा. खालचा सूर जोरात असेल तर हवा निम्म्यातच संपते. लांब षड्ज धरून ठेवायचा असेल तर दोन हॉर्नना तोच सूर द्या आणि ‘आळीपाळीने श्वास’ अशी सूचना लिहा. पहिल्या हॉर्नला उंच गाणं दिलंत की पुढे तेवढाच वेळ विसावा द्या; त्या वेळात तिसऱ्याकडून काम घ्या. कॉम्प्युटरचा हॉर्न दम खात नाही, म्हणून त्याच्यावर ऐकून काहीच ठरवू नका.

आवाजाचा तोल साधा आहे. हळू वाजताना एक हॉर्न एका ट्रम्पेटला पुरतो. जोरात एका ट्रम्पेटसमोर दोन हॉर्न लागतात. हॉर्नचं रुंद तोंड, म्हणजे बेल, मागे असतं, आवाज भिंतीला लागून श्रोत्यांकडे येतो, त्यामुळे त्याची धार बोथट असते. ताशासारखा तुटक, टोकदार ठेका हॉर्नला देऊ नका, तो ट्रम्पेटकडे जाऊ द्या. चौघांना मध्य सा ते तार सा यात एकाच सुरात चाल द्या, सगळा हॉल भरून जातो.

उजवा हात हॉर्नच्या बेलमध्ये गच्च दाबला की आवाज दूरचा, पत्र्यासारखा होतो. त्यासाठी सुरावर अधिकाचं चिन्ह काढा, मोकळं करताना शून्य. स्वर बदलून लिहू नका, वादक स्वतः सांभाळतो. खालच्या पट्ट्यात हे नीट होत नाही. खरा म्यूट (बेलमध्ये बसवायचं आवाज दाबणारं बूच) हवा असेल तर बसवायला आणि काढायला काही सेकंद मोकळे ठेवा.

मींडेबाबत आपल्याकडच्या लोकांची अपेक्षा फार असते. बेलमधला हात हळूहळू बंद केला की सूर साधारण अर्धा स्वर उतरतो: शुद्ध ग वरून कोमल ग, एवढं सुंदर जमतं. प वरून सा पर्यंतची अखंड मींड व्हॉल्व्हच्या वाद्यावर होत नाही. ती चेलोला द्या.

चाचणीसाठी चातुर्मास गाठा. तुळशीच्या लग्नापर्यंत बँडवाले बरेच मोकळे असतात. बहुतेक जण कानाने वाजवतात, तेव्हा ओळ गाऊन दाखवा, पण त्यांचा युफोनियम काळी पाचचा आहे हे ध्यानात ठेवा. मध्य प पर्यंतच्या ओळी त्याच्याकडून वाजवून घ्या. वाक्य कुठे तुटतं, जीभ कुठे अडखळते, हे पहिल्याच फेरीत कळतं. उंच सुरांची परीक्षा मात्र त्याच्यावर होत नाही: युफोनियमचं ओठांना लावायचं तोंड मोठं, नळी आखूड, सूर सोपे लागतात.

पार्ट चार वेगवेगळे काढा. दोघांचा एक पार्ट केला की कुणी कोणता सूर घ्यायचा यावर तालमीचा वेळ जातो. दहा मात्राखंडांपेक्षा (बारपेक्षा) लांब विसाव्यानंतर दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात दाखवा. पान उलटायची जागा विसाव्यावरच येऊ द्या, कारण वादकाचे दोन्ही हात वाद्यात अडकलेले असतात.