प्रीमिअर अडखळतोय? आधी कॅशे बघा

लग्नसराईत नागपुरातल्या धरमपेठ-महालातल्या एडिटिंगवाल्यांची एकच तक्रार असते: टाइमलाइन अडकते, सी ड्राइव्ह लाल होतो. नवी रॅम घ्यायला सीताबर्डीला पळण्याआधी प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरचा मीडिया कॅशे, म्हणजे त्याने कामासाठी बनवून ठेवलेल्या जोडफायलींचा साठा, तपासा.

फुटेज आत घेतलं की प्रीमिअर प्रो आवाजाच्या सीएफए आणि वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) पीईके फायली तयार करतो. प्रोजेक्ट डिलिव्हर झाला, तरी त्या आपणहून जात नाहीत. विंडोजवर त्यांचा मुक्काम सी ड्राइव्हवरच, यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये; म्हणून डी ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी फायदा शून्य.

एडिट मेन्यूतून प्रेफरन्सेस, तिथे मीडिया कॅशे. ब्राउझ करून जागा बदला. वेगळी एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) असेल तर उत्तम. यूएसबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर मात्र कॅशे ठेवू नका, त्यापेक्षा सी ड्राइव्ह बरा. खाली ठराविक दिवसांपेक्षा जुन्या फायली आपोआप काढायचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो. आकडा 90 दिसेल. लग्नाची कामं महिन्या-दीड महिन्यात हातावेगळी होत असतील तर 45 पुरे.

सगळंच साफ करायचं असेल तर प्रोजेक्ट न उघडता, सुरुवातीच्या स्क्रीनवरूनच डिलीट करा. मूळ फुटेजला धक्का लागत नाही. जुना प्रोजेक्ट पुन्हा उघडल्यावर या फायली नव्याने बनतात, तेवढा वेळ लागतो. म्हणून पार्टी दुरुस्त्या सांगायला शेजारी येऊन बसणार असेल, त्या दिवशी सकाळी हा उद्योग नको.

दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये साठलेला रेंडर कॅशे प्लेबॅक मेन्यूतल्या डिलीट रेंडर कॅशेने साफ होतो.