शेतघराची बाग करताय? आधी जेसीबी परत पाठवा

मुळशी-मावळात जागा घेतली की माणूस पहिला फोन जेसीबीवाल्याला करतो. मला बोलावतात ते जागा 'साफ' झाल्यावर. मग विचारतात, बाग डोंगराला लावलेल्या ठिगळासारखी का दिसते?

साफ म्हणजे काय, ते ऐका. एका ओळखीच्या गृहस्थांचा वीस गुंठ्यांचा उतार होता. करवंदाच्या जाळ्या, धायटी, दोन कुंभे, एक म्हातारा हिरडा. मे महिन्यात दोन दिवसांत सगळं सपाट. वरची वीतभर माती खालच्या अंगाला लोटली, मुरूम उघडा पडला. जुलैत चार दिवस झड लागली आणि ती माती कंपाउंडची भिंत घेऊन खालच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात गेली. भरपाई द्यावी लागली ती वेगळीच. पुढच्या पावसाळ्यात मुरमावर उगवलं काय, तर गाजरगवत आणि रानमोडी. करवंदाची जाळी तो उतार फुकटात धरून बसली होती. आता तिथे पैसे मोजून दगडी ताली घातल्यात.

माझी सवय सांगतो. पहिल्या पावसाळ्यात काही करायचं नाही. आषाढात छत्री घेऊन जायचं, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं ते बघायचं आणि तिथे बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. (चुन्याने खुणा करू नका. मी एकदा केल्या होत्या, अर्ध्या तासात वाहून गेल्या.) मग तेरडा कुठे येतो, सोनकी कुठे, ते बघायचं. पायवाट आखायची ती त्यानंतर. 'वर्ष वाया जाईल' म्हणणाऱ्यांना मी दुसऱ्या माळ्याचा नंबर देतो.

दुसरं दुखणं म्हणजे 'आम्ही देशीच झाडं लावलीत' असं सांगून गुलमोहर दाखवणं. तो मादागास्करचा. नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला. कडुनिंब आपल्याकडचाच, पण त्याला कोरडी हवा मानवते, घाटाच्या पावसात तो कुढतच वाढतो. मी फाटकातून निघून समोरच्या डोंगरावर चालत जातो आणि तिथे जे उभं आहे तेच लावतो: ऐन, हिरडा, जांभूळ, पांगारा, काटेसावर, उक्षी. बियाही तिथल्याच वेचतो. देवराईतलं मात्र गावाला विचारल्याशिवाय पानसुद्धा उचलू नका.

पांगारा आणि काटेसावर पानं गाळून फुलतात. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये मला फोन येतो, 'झाडं वाळली हो!' अहो, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवी असते.

बाकीचं थोडक्यात. लॉन: एप्रिलात सगळा डोंगर पिवळा आणि तुमचा चौकोन तेवढा टँकरवर हिरवा. बॉटल पामची रांग: हायवेवरच्या हॉटेलाला शोभते. पाचोळा जाळणं: वणव्याला आमंत्रण. दहा फुटी तयार झाड: पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतात, गुडघ्याएवढं रोप बरं. रात्रभर जळणारे दिवे: पावसाच्या तोंडावर काजवे बघायचेत ना? मग बंद ठेवा.

आणि कारवी. उतारावर जरूर लावा, पण फुलायला सात वर्षं लागतात. एका ताईंनी विचारलं, "खत घातलं तर लवकर नाही का येणार?" नाही म्हटलं. त्यांनी बोगनवेल लावली.