इटलीत कॉफी मागण्याआधीची तयारी

इटलीला निघताना तिकिटं, हॉटेलं, संग्रहालयांची बुकिंगं असं सगळं आधी ठरतं. कॉफीचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. रोज दोन-तीनदा तरी त्या काउंटरसमोर उभं राहायचं असतं, म्हणून निघण्याआधी थोडी तयारी कराच. माझ्या मते कॉफीची नावं पाठ करण्याआधी तिथली रीत समजून घ्यावी, कारण गोंधळ होतो तो तिथेच.

शोधायचा तो ‘बार’. इटलीत बार म्हणजे सकाळी लवकर उघडणारी कॉफीची जागा. मागच्या फळीवर दारूच्या बाटल्या दिसल्या तरी बिचकू नका. आत शिरल्यावर आधी गल्ला कुठे आहे ते पाहा. त्यावर ‘कास्सा’ अशी पाटी असते. रेल्वे स्टेशनांवर, महामार्गावरच्या थांब्यांवर आणि गर्दीच्या बारमध्ये बहुधा आधी पैसे भरावे लागतात. काय हवं ते गल्ल्यावर सांगायचं, ‘स्कोंत्रीनो’ म्हणजे पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवून बरिस्ताला, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याला, तेच पुन्हा सांगायचं. गल्लीबोळातल्या लहान बारमध्ये अनेकदा याच्या उलट, आधी कॉफी आणि निघताना पैसे. अंदाज येत नसेल तर जरा बाजूला थांबून पुढची माणसं काय करतात ते बघावं, नाहीतर सरळ विचारावं, ‘पागो प्रीमा?’ आधी पैसे देऊ का, एवढाच त्याचा अर्थ.

उभ्याने प्यायची की बसून, हेही आत जाण्यापूर्वी ठरवा. ‘आल बांको’ म्हणजे काउंटरवर उभं राहून एस्प्रेसो, म्हणजे छोट्या कपातली कडक काळी कॉफी, साधारण एक ते दीड युरोला मिळते. तीच ‘आल तावोलो’, टेबलावर बसून घेतली की दर वाढतो, आणि पर्यटकांच्या चौकात तो कितीतरी पट होऊ शकतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकातलं फ्लोरियन हे कॅफे १७२० पासून चालू आहे. तिथे बाहेर वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे वेगळे लागतात. अशा जागी एकदा जरूर बसावं, पण दरपत्रक वाचून. एरवी मी उभ्यानेच प्या म्हणेन. गरम घोट, शेजारच्यांच्या गप्पा, कपबशांचा खणखणाट, इटलीतल्या कॉफीची खरी मजा काउंटरपाशीच आहे.

आता नावं. ‘उन काफ्फे’ म्हटलं की एस्प्रेसोच येते, वेगळं सांगावं लागत नाही. थोडं दूध हवं असेल तर ‘माक्कियातो’, भरपूर पाणी घातलेली हवी असेल तर ‘अमेरिकानो’. नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर कॉफीविना दूध समोर येईल. दुधाळ कॉफीसाठी ‘काफ्फेलात्ते’ म्हणा. कापुच्चीनो, म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी, सकाळची. जेवणानंतर मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही, पण इटालियन माणूस त्या वेळी ती सहसा घेत नाही. कॅफिन चालत नसेल तर ‘ओर्झो’ लक्षात ठेवा. भाजलेल्या बार्लीचं हे पेय खरंच चवदार असतं आणि बहुतेक बारमध्ये मिळतं. ‘कोर्रेत्तो’ मात्र दारू घातलेली असते, न पिणाऱ्यांनी हे नाव नीट ध्यानात ठेवावं. सोबत कोर्नेत्तो, म्हणजे क्रॉसाँसारखा गोडसर पाव, घेणार असाल आणि अंडं खात नसाल तर आधी विचारा, त्याच्या पिठात अंडं असतं.

वाक्य एकच तयार ठेवा: ‘बुओनजोर्नो, दुए काफ्फे, पेर फावोरे.’ सुरुवातीचं अभिवादन गाळू नका. न बोलता थेट मागणी करणं तिथे रुक्ष वाटतं. दोन-तीनपर्यंतचे आकडे, उन, दुए, त्रे, घरीच मोठ्याने म्हणून बघा. खिशात सुटी नाणी ठेवा. कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला ३० जून २०२२ पासून दंड होतो, तरी एका कॉफीला नाणी सोयीची पडतात.

शेवटी आपल्या वाटेवरची शहरं बघून हॉटेलच्या नावाशेजारी एकेक ओळ लिहून ठेवा. नेपल्समध्ये कॉफीबरोबर बहुधा पाण्याचा ग्लास येतो. पाणी आधी पिऊन तोंड स्वच्छ करायचं, मग कॉफी. तिथेच ‘सोस्पेसो’ची प्रथा आहे: दोन कॉफींचे पैसे भरायचे, एक स्वतः प्यायची, दुसरी अनोळखी गरजूसाठी ठेवायची. मला ही प्रथा फार प्रिय आहे, जमलं तर नक्की करा. त्रिएस्तेची बोलीच निराळी, तिथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात आणि ‘कापो इन बी’ मागितली की काचेच्या छोट्या ग्लासात माक्कियातो येते. तोरीनोला, म्हणजे ट्यूरिनला, जाणार असाल तर ‘बिचेरीन’ लिहा, कॉफी, चॉकलेट आणि साय यांचे थर असलेली. पोटात जागा ठेवूनच जा. उन्हाळ्यात लेच्चेकडे गेलात तर बर्फावर ओतलेली, बदामाच्या दुधाने गोड केलेली कॉफी मागा.