एका रात्रीची सोळा गाणी आणि एक सिग्नेचर गिटार

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात धान कापणी आटोपू लागली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. मी सिंदेवाही तालुक्यातला. गेली अनेक वर्षे या हंगामात रंगमंचासमोर बसून गिटार वाजवतो आणि उरलेल्या महिन्यांत जयंती, गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसमारंभ यांच्या ऑर्केस्ट्रात असतो. आमच्या भागातली शिकणारी मुले आता मोबाइलवर जगभरचे वादक पाहतात आणि मला विचारतात की पैसे साठले तर कोणत्या वादकाच्या नावाची गिटार घ्यावी. या गिटारी काही लाखांच्या घरात जातात आणि आमच्याकडे तेवढ्या रकमेत घराचे बांधकाम निघते, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

वादकाच्या नावाची, म्हणजे सिग्नेचर, गिटार म्हणजे त्या वादकाला स्वतःच्या कामात ज्या अडचणी आल्या त्यांवर कारखान्याने काढलेला उपाय असतो. त्यामुळे निवड करताना पाहायचे एवढेच की त्याची अडचण आणि आपली अडचण एक आहे का. माझी अडचण अशी होती : एका रात्रीत भावगीताला अकूस्टिक गिटारसारखी मोकळी छेड हवी, भीमगीताला भरीव ठेका, लावणीच्या अंगाच्या गाण्याला टोकदार स्वच्छ आवाज, सत्तरच्या दशकातल्या चित्रपटगीतांना वाह-वाह पेडलचा उघडझाप होणारा आवाज आणि पहाटे चारला नाटकाच्या शेवटच्या अंकात खलनायक मरतो तेव्हा डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, लांब टिकणारी एकच तार. हे सगळे एकाच गिटारवर, कारण नाटक कंपनीच्या गाडीत पडदे, पेट्या, कलाकार आणि ऑर्गन भरल्यावर दुसऱ्या गिटारच्या पेटीला जागा उरत नाही.

मी सर्वांत आधी पाहिली ती पीआरएसची सिल्व्हर स्काय, म्हणजे 2018 साली आलेली अमेरिकन गायक-वादक जॉन मेयरची गिटार. तिचे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन पकडणारे, एकच वेटोळे असलेले भाग) कानाला इतके गोड लागले की त्या दिवशी पैसे जवळ असते तर मी तीच उचलली असती. पण दोन गोष्टींमुळे मी थांबलो. पहिली गोष्ट गुरगुरीची. सिंगल कॉइल आसपासच्या विजेचा आवाज पकडते आणि आमचा रंगमंच जनरेटरवर चालतो. त्यात प्रकाशयोजनेचे डिमर असतात आणि दिवे अर्धवट मंद केले की, म्हणजे नेमक्या करुण प्रसंगात, भोंग्यांतून सर्वांत जास्त खरखर येते. 1950च्या दशकात सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी हंबकर नावाचा पिकअप केला तो हाच त्रास घालवण्यासाठी. त्यात दोन कॉइल उलट जोडलेल्या असल्याने बाहेरचा आवाज एकमेकांत विरतो. दुसरी गोष्ट फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटे दाबतो त्या पट्टीच्या, गोलाईची. सिल्व्हर स्कायच्या फ्रेटबोर्डची गोलाई 7.25 इंच आहे, म्हणजे पाठ चांगलीच वळलेली. कॉर्ड धरायला हाताला ती फार सुखाची वाटते, पण तारा खाली बसवून वरच्या फ्रेटवर दीड-दोन स्वरांची मींड ओढली की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मध्येच मरतो. आपल्या गाण्यांत मींड नाही असे गाणे शोधावे लागते. तारा उंच ठेवल्या की हे टळते, पण मग सहा तास वाजवताना बोटे थकतात. याच गिटारच्या स्वस्त एसई आवृत्तीत गोलाई 8.5 इंच केली आहे, हेही नवीन मुलांनी लक्षात ठेवावे.

दुसरी गिटार चार्व्हेलची, गथ्री गोव्हनच्या नावाची. हंबकर, सिंगल, हंबकर अशी तीन पिकअपची मांडणी, 24 फ्रेट, 12 पासून 16 इंचांपर्यंत सपाट होत जाणारा फ्रेटबोर्ड आणि भाजलेल्या मेपलची नेक, म्हणजे गिटारची मान. तिच्यावर मींड लोण्यासारखी निघते. नुसते वाजवण्याच्या दृष्टीने विचाराल तर मी हातात घेतलेल्यांपैकी हीच सर्वांत चांगली, आणि ज्याला अकूस्टिक आवाजाची गरज नाही त्याने पुढचे काही न वाचता हिचा विचार करावा. स्टीव्ह लुकाथरची म्युझिक मॅन ल्यूकदेखील बहुपयोगी आहे. तो स्वतः असंख्य गायकांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारा वादक असल्याने ती तशीच घडलेली आहे. मला ती फार वेळ हाताळायला मिळाली नाही.

स्टीव्ह वायच्या आयबनेझ जेमचे आकर्षण मुलांमध्ये फार आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. 1987पासून चालत आलेली ती थोर गिटार आहे, पण तिच्या ब्रिजवर (तारा शरीराला बसतात तिथे) आणि नटवर (मानेच्या टोकाच्या पट्टीवर) तारा कुलूपबंद असतात. आमच्याकडे गायक ऐनवेळी पट्टी, म्हणजे पेटीवरचा आपला मूळ सूर, सांगतात. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी दोनमध्ये, बाई आल्या की काळी चार. गिटारच्या मोकळ्या तारा पांढरीच्या, त्यामुळे काळ्या पट्ट्यांत मोकळ्या कॉर्ड मिळत नाहीत. यावर मी वर्षानुवर्षे वापरत असलेला उपाय असा की सहाही तारा कायम अर्धा स्वर उतरवून ठेवायच्या. मग डी कॉर्डचा आकार धरला की काळी एक, ईचा धरला की काळी दोन, जीचा धरला की काळी तीन आणि एचा धरला की काळी चार मिळते. काळी पाचला मात्र बोट आडवे टाकावेच लागते. ज्या दिवशी एखादा पाहुणा वादक सर्व तारा पूर्ववत मागतो त्या दिवशी कुलूपबंद ब्रिजवर ॲलन की घेऊन नट उघडायचा, एक तार चढवली की बाकीच्या उतरतात त्या पुन्हा जुळवायच्या, आणि तोपर्यंत नांदी संपलेली असते. ज्याचे काम एकाच जुळणीत चालते त्याने जेम खुशाल घ्यावी.

शेवटी मी जॉन पेट्रुचीच्या म्युझिक मॅनकडे आलो. ड्रीम थिएटर या रॉक बँडचा हा वादक एकाच गाण्यात अकूस्टिक छेड आणि जड डिस्टॉर्शन यांच्यात ये-जा करतो, म्हणून त्याच्या बऱ्याच गिटारींच्या ब्रिजमध्ये अकूस्टिकसारखा आवाज देणारा पिएझो पिकअप बसवलेला असतो. एका छोट्या खटक्याने नेहमीचे पिकअप, पिएझो किंवा दोन्ही मिळून असे तीन पर्याय मिळतात. त्याची अडचण आणि माझी अडचण इथे जुळली. त्याच्या दोन गिटारींमध्ये मी खूप दिवस अडकलो होतो. मॅजेस्टीची नेक थेट शरीरातून गेलेली एकसंध असते, तर 2015च्या जेपी 15ची नेक भाजलेल्या मेपलची आणि बोल्टने जोडलेली. मॅजेस्टी हातात अधिक सलग वाटते, हे मान्य करतो. तरीही मी जेपी 15 घेतली, कारण नेकला काही झाले तर बोल्टची नेक काढून दुरुस्त करता किंवा बदलता येते आणि माझ्या गावाहून चांगला गिटार दुरुस्त करणारा माणूस नागपूरशिवाय भेटत नाही. भाजलेल्या लाकडातला ओलावा आधीच घटलेला असल्याने ते हवामानाला कमी हलते, हे दुसरे कारण. उन्हाळ्यात आमच्या बाजूला ब्रह्मपुरीचा पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा हवा कोरडी ठक्क असते, आणि जुलैत रोवणीच्या वेळी त्याच घराच्या भिंतींना पाझर फुटतो. माझ्या आधीच्या साध्या मेपलच्या गिटारची नेक वर्षातून तीनदा ट्रस रॉड (नेकमधली धातूची कांब) फिरवून सरळ करावी लागत असे. हिची मी पहिल्या वर्षी एकदाच केली, तीही पाव फेऱ्याहून कमी.

ती मी पुण्यातल्या एका वादकाकडून वापरलेली घेतली. त्याआधी मुंबईतल्या एका दुकानात मी एक मोठी चूक केली होती. तिथे उत्तम व्हॉल्व्ह ॲम्प होता आणि त्यावर प्रत्येक गिटार सुंदर वाजत होती. आमच्याकडे मात्र गिटार मल्टी-इफेक्ट प्रोसेसरमधून (आवाजाला वेगवेगळे रंग देणाऱ्या यंत्रातून) सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. पुढच्या खेपेला मी स्वतःचा प्रोसेसर, हेडफोन आणि सोळा गाण्यांची यादी घेऊन गेलो आणि यादीच्या क्रमाने प्रत्येक गिटारवर तीच गाणी, उभे राहून, पट्टा खांद्याला लावून वाजवली. पिएझोविषयीचा माझा निर्णय त्याच दिवशी झाला. प्रोसेसरमध्ये स्पीकरचे अनुकरण चालू ठेवले तर पिएझो डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो, आणि ते अनुकरण बंद करून वेगळा पॅच, म्हणजे आवाजाची जतन केलेली मांडणी, केला तर तारेची खरी किणकिण मिळते. दुकानातल्या ॲम्पवर हे कधीच कळले नसते.

पिएझोबरोबर 9 व्होल्टची बॅटरी येते. अशा गिटारींमध्ये केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी जळत राहते. मी हे पूर्वी एका मित्राच्या ॲक्टिव्ह पिकअपच्या गिटारवर शिकलो. वडसा भागातल्या एका खेड्यात संध्याकाळी आवाज तपासून केबल तशीच ठेवली, जेवणे आणि पुढाऱ्यांची भाषणे यांत पाच-सहा तास गेले, आणि बॅटरी आधीच जुनी असल्याने दुसऱ्या अंकात आवाज फाटत फाटत पूर्ण बंद पडला. ऑर्गनवाल्या काकांनी माझी जागा भरून काढली. तेव्हापासून प्रत्येक दहा प्रयोगांनंतर मी बॅटरी बदलतो, ती अर्धी शिल्लक असली तरी.

ब्रिजचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही गिटार कुलूपबंद नाही, तरी तिचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगतो. त्यामुळे एक तार तुटली की स्प्रिंगांची ओढ वरचढ होते आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. भर प्रयोगात हे परवडत नाही. गावच्या सुताराकडून मी सागाचा एक लहान तुकडा तासून घेतला आणि मागचे झाकण काढून स्प्रिंगांच्या पोकळीत, ब्रिजच्या ठोकळ्याला टेकेल असा बसवला. पहिला तुकडा अर्ध्या मिलिमीटरने जाड झाला आणि तारा उतरल्या. मग काचपेपरावर चार हात मारून तो नेमका केला. आता ब्रिज खाली दबतो, वर उचलला जात नाही आणि तार तुटली तरी गाणे पुढे जाते.

पौषातल्या रात्री अजून एक काळजी घ्यावी लागते. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैल होऊन सूर उतरतो आणि मध्यांतरात दिवे बंद झाल्यावर गार वाऱ्याने त्याच तारा आखडून सूर चढतो, म्हणून मध्यांतर संपायच्या पाच मिनिटे आधी गिटार पेटीतून काढून तिला मांडवातली हवा लागू द्यावी आणि दिवे पेटल्यावरच ट्यूनर लावावा. पहाटे दव पडते. शेवटचा पडदा पडला की मी आधी सुती पंचाने सहाही तारा खालून-वरून पुसतो, केबल काढतो, पेटीत ओलावा धरणारी पुडी ठेवतो, आणि मगच चहाला जातो.