कांद्याच्या पेशीत हरितलवकं नसतात

अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढली आणि तिच्यात हिरव्या पेन्सिलीनं हरितलवकं, म्हणजे उजेडात अन्न बनवणारे हिरवे कण, भरली. मॅडमनी विचारलं, "तुला ही दिसली का?" मी म्हणाले, "पुस्तकातल्या आकृतीत आहेत." "कांदा जमिनीत वाढतो. तिथं उजेड कुठला? मग हरितलवकांचं काम काय?" आणि त्यांनी मला परत सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

जीवशास्त्र घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: पुस्तकातली पेशी ही सगळ्या पेशी एकत्र करून काढलेली आकृती आहे. तशी पेशी तुम्हाला कुठंही सापडणार नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच जर्नलमध्ये काढा. जाड काळ्या काठाचं गोल गरगरीत काही दिसलं, तर तो हवेचा बुडबुडा आहे. कव्हरस्लिप, म्हणजे वर ठेवायची पातळ काच, सुईच्या आधारानं तिरकी टेकवून हळूच सोडली की बुडबुडे येत नाहीत.

अभ्यासाला सुरुवात बहुतेक जण केंद्रकापासून करतात. माझ्या मते ती पेशीपटलापासून, म्हणजे पेशीला वेढणाऱ्या पातळ पडद्यापासून करावी, आणि त्यासाठी ऱ्हिओचं पान मिळवावं. वरून हिरवं, खालून जांभळं असं हे शोभेचं झाड रोपवाटिकेत हमखास असतं. खालच्या बाजूची साल सोलून पाण्यात पाहिली की पेशी जांभळ्या रंगानं काठोकाठ भरलेल्या दिसतात. तो रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसानं भरलेल्या पिशवीतला. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत पाणी बाहेर जाऊन पटलासकट जांभळा भाग आक्रसतो, पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरची ताठ भिंत, मात्र जागच्या जागी राहते. साधं पाणी सोडलं की रंग परत पसरतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, त्याची सुरुवात अशीच होते.

मग तशीच दुसरी साल उकळत्या पाण्यात बुडवून काढा. रंग बाहेर येतो आणि आता कितीही मीठ घाला, तसं आक्रसणं दिसत नाही. भित्तिका उभीच आहे, पण पटल मोडलं. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असं हे पटल. आत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं हे ते सांभाळत होतं तोवर पेशी जिवंत होती. हा प्रयोग पाहून मी खरंच गप्प झाले होते.

पटल कळलं की बाकीची अंगकं, म्हणजे पेशीच्या आतले छोटे भाग, सोपी होतात, कारण रायबोझोमसारखी काही सोडली तर ती पटलांनीच बनलेली दालनं आहेत. त्यांची कामं सुटी सुटी पाठ करू नका, एकाच पदार्थाचा प्रवास धरा. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीतलं इन्सुलिन घ्या. रायबोझोमवर प्रथिनाची साखळी विणली जाते, आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पटलांच्या जाळ्यात तिला घडी पडते, गॉल्गी पिंडातून ती पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांमध्ये भरली जाते. रक्तात साखर वाढली की पुटिका पेशीपटलाला जाऊन मिळते आणि इन्सुलिन बाहेर पडतं. या सगळ्याला लागणारी बरीचशी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात.

दुसरी सवय म्हणजे "हे नसतं तर?" असं विचारण्याची. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. म्हणून ती वाहून नेते त्यातला ऑक्सिजन स्वतः खर्च करत नाही. पण नवी प्रथिनं बनवून स्वतःची डागडुजीही करू शकत नाही, आणि सुमारे 120 दिवसांत संपते.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी जुने शब्द टाकून देऊ नयेत. मी वहीत दोन रकाने केले होते, मायटोकॉन्ड्रिया आणि तंतुकणिका, लायसोझोम आणि लयकारिका. मूळ ग्रीक शब्दात 'मिटोस' म्हणजे तंतू आणि 'कॉन्ड्रिऑन' म्हणजे कण, म्हणजे आपला शब्द अर्थाला तंतोतंत आहे. लयकारिका तर नावातच काम सांगते: लय करणारी, म्हणजे नको ते मोडून टाकणारी.

पेशीविभाजनाच्या प्रॅक्टिकलला मात्र धीर धरा. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटली की टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच घ्या, विभाजन तिथंच चालतं. तिथंही बहुतेक पेशी तुम्हाला विभाजनाच्या आधीच्या अवस्थेत दिसतील. माझ्या तीन स्लाईड वाया गेल्या. चौथीवर, एका पेशीच्या मधोमध, ओळीत लागलेली गुणसूत्रं दिसली. कांद्याची 16 असतात. मी मोजायला लागले आणि बारापर्यंत पोचले.