रडतंय म्हणून सीटमधून काढू नका! बाळासोबतच्या प्रवासात या चुका टाळा

बाळ घेऊन पहिल्यांदा प्रवासाला निघणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. रडलं तर काय करायचं? गाडीत रडलं तर, विमानात रडलं तर, आजूबाजूचे काय म्हणतील. गाडीत बाळासाठी लावतात त्या कार सीटचा पट्टा नीट कसा लावायचा हे फारसं कुणी विचारत नाही, विमान खाली यायला लागलं की बाळाला काय द्यायचं हेही नाही. आणि मी आजवर बघितलेल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या चुका या रडण्याच्या धास्तीतूनच झालेल्या आहेत. रडणं बंद करायची घाई झाली की चांगली समजदार माणसं बाळाला सीटमधून काढतात, झोपेचं सिरप पाजतात, गाडी चालवता चालवता मागे वळून बाटली देतात. नात्यात, ओळखीत कुणाचं बाळ पहिल्यांदा निघालं की फोन मला येतो आणि तेच तेच सांगून मी थकलेय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

चालत्या गाडीत मांडीवर घेणं

ही सगळ्यात वर, कारण ही करणारे निष्काळजी नसतात, मायेपोटीच करतात. "माझ्या हातात आहे ना, घट्ट धरलंय मी." अहो, नाही धरता येत. हिशोब करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीये आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ हातात धरून ठेवायला १४० किलो पेलायची ताकद लागते, आणि खऱ्या धडकेत थांबायला याहूनही कमी वेळ लागू शकतो म्हणजे आकडा अजून वर जातो. काहीजण आपलाच बेल्ट बाळावरूनही घेतात आणि त्यांना वाटतं की दोघंही बांधले गेलो. तसं कधीच करू नका, धक्का बसला की पुढून बेल्ट बाळाच्या पोटात रुततो आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर येतं.

माझ्या मावसबहिणीकडे सीट चांगली होती. बाळ आठ-नऊ महिन्यांचं, सीट व्यवस्थित बसवलेली, निघताना बाळालाही नीट बांधलेलं. अर्ध्या तासाने रडायला लागलं, रडत राहिलं, मग गाडी चालवणारा नवराच म्हणाला की घे गं जरा मांडीवर, आता काय पोचलोच. घेतलं. बाळ गप्प झालं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि पुढच्याच वळणावर एक सायकलवाला आडवा आला. नवऱ्याने ब्रेक मारला. धडक नाही, सायकलवाल्याला साधा धक्काही नाही, वेग चाळीसच्या आतच होता म्हणतात. पण बाळ तिच्या हातातून कधी गेलं ते तिला कळलंच नाही, समोरच्या सीटच्या पाठीवर कपाळ आपटलं आणि खाली पायांपाशी पडलं. कपाळाला टेंगूळ, थोड्या वेळाने उलट्या, मग रात्रभर हॉस्पिटलात देखरेखीखाली. आता बाळ ठणठणीत आहे, घरभर पळतं. पण ती अजून सांगते की मी दोन्ही हातांनी धरलं होतं गं, आणि ते खरंच आहे, तिने धरलंच होतं. हातांनी धरून होत नाही एवढंच मला यात सांगायचंय, आणि "आता पोचलोच" हे शब्द कुणी गाडीत उच्चारले की माझ्या पोटात गोळा येतो.

माझी पद्धत एकच आहे, चाकं फिरत असताना हार्नेस, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणारे पट्टे, उघडायचा नाही. बाळ रडतंय? सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, बंद करा, बाळाला बाहेर काढा, जवळ घ्या, दूध द्या, डायपर बघा, परत बांधा, मग निघा. यात वीस मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत. ज्यांना तीन तासांचा रस्ता तीनच तासांत उरकायचा असतो त्यांना माझं हे पटत नाही, पण बाळ बरोबर असताना पोचायची वेळ आपण ठरवायची नसते, हे मान्य केलं की निम्मी चिडचिड तिथेच संपते. आणि बाळ शांत झोपलेलं असलं तरी साधारण दर दोन तासांनी थांबाच, अगदी तान्हं असेल तर त्याच्याही आधी. अर्धवट बसल्या अवस्थेत मान पुढे झुकली की लहान बाळाचा श्वास अडू शकतो. म्हणूनच मुक्कामी पोचल्यावर "झोपलंय तर झोपू दे" म्हणून बाळ सीटसकट आत नेऊन तसंच ठेवू नका. जागं झालं तरी चालेल, उचला आणि पाठीवर सपाट झोपवा.

सीट लवकर पुढे वळवणं

बाळ वर्षाचं झालं की लोकांना सीट पुढे तोंड करून लावायची कोण घाई! कारणं दोनच असतात, "पाय दुमडतात" आणि "त्याला काही दिसत नाही, कंटाळतो". पाय दुमडू द्या. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मान कच्ची असते, आणि समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं हे जड डोकं त्या कच्च्या मानेवर पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर तोच धक्का सीटची पाठ झेलते, डोकं, मान, पाठ सगळं एकत्र. मुलांच्या कार सीटसाठी असलेल्या युरोपच्या आर-१२९ नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१८ मध्ये वयाची अट काढूनच टाकली आणि सांगितलं की सीटवर लिहिलेली उंची किंवा वजनाची मर्यादा येईपर्यंत मागेच तोंड ठेवा. म्हणजे वाढदिवस बघायचा नाही, सीटवरचं लेबल बघायचं.

आणि मागे तोंड असलेली सीट पुढच्या बाजूला, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली तर थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. यावर चर्चा नको.

हार्नेस सैल ठेवणं ही तर घरोघरी. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी येत असेल तर सैल आहे, अजून ओढा. पट्टा कुठून निघतो तेही बघा, मागे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पुढे तोंड असेल तर खांद्याला किंवा किंचित वर. जाड जॅकेट घालून बांधायचं नाही, धक्क्यात जॅकेट चेपतं आणि पट्टा आपोआप सैल होतो. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला. सीट बसवली की जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवून बघा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती बसलेली नाही.

गाडीत बाळाला एकटं ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणणाऱ्यांशी मी भांडते. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत दहा-अकरा अंश तापमान चढतं, काच थोडी खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही, आणि बाळाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. माझी पर्स मी कायम मागच्या सीटवर बाळाशेजारीच ठेवते, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागतं.

बाकी गाडीतलं थोडक्यात. जड, टणक खेळणी मोकळी ठेवू नका, ब्रेक लागला की ती उडतात. चाइल्ड लॉक निघण्याआधी तपासा. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना गाडी लागायला लागते आणि स्क्रीनवर नजर लावून बसवलं की जास्तच लागते, तेव्हा खिडकीबाहेरचं दाखवा, गप्पा मारा.

विमानात: टेकऑफला दूध पाजून मोकळं होणं

ही चूक इतकी दिसते की मला आता शेजारच्या अनोळखी आयांनाही सांगायचा मोह आवरत नाही. कुणीतरी सांगितलेलं असतं की कान दुखू नयेत म्हणून दूध पाजा, ते बरोबर आहे, पण सगळं दूध वर जातानाच संपवतात. खरा त्रास खाली येताना होतो. उंचावर केबिनमधला हवेचा दाब साधारण ६००० ते ८००० फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा असतो, विमान उतरायला लागलं की तो वाढत जातो, आणि कानाच्या आतला दाब बरोबरीत आणायला घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडावी लागते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते, तिला उघडायला वेळ लागतो. गिळलं की ती उघडते. म्हणून उतरताना गिळत राहणं महत्त्वाचं.

आणि उतरणं म्हणजे चाकं टेकतात ते नव्हे! विमान त्याच्या साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. इंजिनाचा आवाज बदलला, घोषणा झाली की सुरू करा, आणि सावकाश पाजा. बाळ तेव्हा झोपलेलं असेल तर सरळ विमानातल्या स्टाफला विचारून ठेवा की उतरायला कधी सुरुवात होणार. दूध नको असेल तर चोखणी द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यासाठी पाणी देऊ नका, वर्षाच्या आत मध चाटवू नका, आणि लहान मुलांना चघळायला कडक गोळी तर अजिबात नाही, घशात अडकते. सर्दी किंवा कानाचं दुखणं चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, निघायच्या दिवशी सकाळी फोन करून नव्हे.

झोपेचं सिरप

मला याचा मनापासून राग येतो. "अॅलर्जीचं सिरप थोडं दिलं की झोपून जातं, आमच्याकडे सगळे देतात." काही मुलांवर या औषधाचा उलटा परिणाम होतो, झोपायचं सोडून मूल बेचैन होतं, किंचाळतं, आणि तेही बंद विमानात. पण ते परवडलं, खरा धोका श्वास मंदावण्याचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच इशारा दिलाय की दोन वर्षांखालच्या मुलांना दुकानातून थेट मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, जिवावर बेतू शकतं. त्यात या अॅलर्जीच्या औषधांचाही समावेश आहे. बाळ दोन तास रडलं तर शेजारचे वैतागतील. वैतागू द्या.

दोन वर्षांखाली वेगळी सीट लागत नाही म्हणून

मांडीवर नेता येतं, मान्य. पण मांडीवर सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एक विमान आपत्कालीन उतरताना कोसळलं, तेव्हाच्या सूचनेप्रमाणे मांडीवरच्या मुलांना पायांपाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं, त्यातलं एक मूल गेलं. त्या विमानातली मुख्य अटेंडंट जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं लहानग्यांना वेगळी सीट सक्तीची करा म्हणून झगडत राहिली. रोजच्या प्रवासात जास्त भीती हवेतल्या गचक्यांची असते, तिथेही हात कामाला येत नाहीत. परवडत असेल तर वेगळी सीट घ्या आणि विमानासाठी मान्यता असलेली कार सीट त्यावर लावा, तसं सीटच्या लेबलवर लिहिलेलं असतं, रुंदीही आधी मोजा. नसेल परवडत तर निदान आपला बेल्ट दोघांवरून घेऊ नका, आणि आतल्या बाजूला, खिडकीपाशी बसा. पॅसेजच्या बाजूला गरम चहा-कॉफीची ट्रॉली बाळाच्या डोक्यावरून फिरते.

वाटेत दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीचं तिकीट बहुतेक वेळा पूर्ण काढावं लागतं, वय प्रवासाच्या तारखेला मोजतात. बुकिंग करतानाच बघा.

विमानात समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा मिळावा म्हणून सगळ्यात पुढची रांग मागणारे एक विसरतात, तिथे पायांपाशी बॅग ठेवायला जागा नसते, हँडरेस्ट वर होत नाही, आणि टेकऑफला, उतरताना, गचके बसताना बाळाला पाळण्यातून काढावंच लागतं. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, ती फोन करून विचारा आणि पाळण्याची नोंदही तेव्हाच करून घ्या.

"मुलं असलेल्यांनी आधी चढा" म्हटलं की धावत जाऊ नका. धडपड्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास जास्त बांधून ठेवण्यात काय फायदा? एकाने बॅगा घेऊन आधी जावं आणि जागा लावावी, दुसऱ्याने मुलाला गेटपाशी भरपूर पळवावं आणि शेवटी चढावं.

हातातल्या बॅगेत एका बाटलीत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त द्रव नेऊ न देणारा २००६ पासूनचा नियम बाळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी लागू नसतो, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं, तेव्हा बॅगेच्या तळाशी कोंबू नका. पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका, कालवलेलं बाहेर दोन तासांवर ठेवू नये आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवावं नाहीतर ओतून द्यावं. मी डब्यांत एकेका वेळची पावडर मोजून नेते.

ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला. विमान खूप उंचावर असेल तर शुद्ध हरपायला मिनिटही लागत नाही, आणि तुम्ही बेशुद्ध झालात तर बाळाला लावणार कोण?

कपडे बाळाचे सगळेच घेतात, स्वतःचा एक जोड कुणी घेत नाही. हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. आणि कार सीट सामानात टाकली असेल तर पोचल्यावर तिला सगळीकडून बघा, पट्टे ओढून बघा, बकल लावून-काढून बघा. तडा दिसला, बकल अडकलं, तर त्या सीटवर बाळाला बसवायचं नाही, मग बाहेर टॅक्सीवाला कितीही हॉर्न वाजवत असेना.