बूटेड की साइक्स? वटवट्या ओळखताना या चुका टाळा

हिवाळ्यात मराठवाड्यातील गायराने, बाभळी आणि कालव्याकाठची झुडपे यांत बूटेड वॉर्बलर आणि साइक्स वॉर्बलर हे दोन मातकट वटवटे (वॉर्बलर म्हणजे वटवट्या, एक छोटा पक्षी) मुक्कामाला येतात, आणि दरवर्षी नोंदींमध्ये त्यांच्या नावांची अदलाबदल होते. पूर्वी ते एकाच जातीत गणले जात, यावरूनच साम्याची कल्पना यावी. साइक्स तर आपल्याच दख्खनचा म्हणायला हवा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिअभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये त्याचे वर्णन केले, ते दख्खनमधल्याच पक्ष्यावरून.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंग आणि जागा पाहून निकाल देणे. ‘झाडावर दिसला की साइक्स, जमिनीलगत दिसला की बूटेड’ हे सूत्र नवख्यांना फार आवडते, कारण त्यात थांबावे लागत नाही. मीही त्याला फसलो आहे. पैठणजवळ नाथसागराच्या काठी, कोवळ्या उन्हात, बाभळीच्या शेंड्याशी फिरणारा फिकट पक्षी पाहून मी सोबतच्या पाच जणांना छातीठोकपणे ‘साइक्स’ सांगितले. घरी छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर बहुतेकांत चोच माझ्याकडेच रोखलेली, म्हणजे तिच्या लांबीचा अंदाज येणेच शक्य नव्हते. ज्या एकात पक्षी पूर्ण बाजूने दिसत होता, त्यात चोच आखूड, खालच्या चोचीच्या टोकाशी गडद डाग आणि भुवईच्या (डोळ्यावरच्या फिकट पट्ट्याच्या) वर काळसर कड स्पष्ट होती. तो बूटेड होता. पाचही जणांना फोन करून नोंद खोडायला लावली.

तेव्हापासून पक्षी बाजूने दिसेपर्यंत मी नाव उच्चारत नाही. साइक्सची चोच लांब, खालची चोच जवळजवळ पूर्ण फिकट आणि शेपूटही लांबट असते. यांतली दोन लक्षणे नीट दिसली नाहीत, तर वहीत ‘दोहोंपैकी एक’ असे लिहितो. अशा नोंदीची लाज का वाटावी, हे मला समजलेले नाही.

मार्चमध्ये पिसे झिजून विटतात, तेव्हा छटांवर वाद घालू नये. ‘टक्’ एवढ्याच आवाजावरूनही नाव ठरवू नये.

आणि या दोघांत भांडण्याआधी तो त्यांच्यासारखाच दिसणारा ब्लिथचा बोरू वटवट्या नाही ना, हे पाहावे. त्याची शेपूट टोकाशी गोलसर असते, या दोघांची चौकोनी, कडेला फिकट.